सेंट लुसियातल्या मुलांना पोस्टर नको, एक ओढा द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताई मूळच्या सांगलीच्या. यजमान कॅरिबियन समुद्रातल्या सेंट लुसिया या बेटावरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात शिकवतात आणि घर राजधानी कॅस्ट्रीजच्या उत्तरेला आहे. जवळच्या प्राथमिक शाळेने ताईंना विचारलं, 'मुलांसाठी पर्यावरणाचं काहीतरी कराल का?' त्यांनी हो म्हटलं. आता त्यांच्या डोक्यात पोस्टर स्पर्धा, घोषवाक्यं, किनारा सफाई आणि पाच जूनला, पर्यावरण दिनी, फेरी असा बेत आहे. त्या विचारतात की याने खरंच काही होतं का, आणि होत नसेल तर काय करावं?

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शाळांबरोबर गेली पंचवीस वर्षं निसर्गशिक्षणाचं काम करतोय. मधली अडीच वर्षं सेंट लुसियात होतो, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

आधी स्पष्टच सांगतो. पोस्टर स्पर्धा रद्द करा. चित्र काढण्याला माझा विरोध नाही. पण पृथ्वीला रडणारे डोळे, एका बाजूला हिरवं झाड, दुसऱ्या बाजूला धूर ओकणारी चिमणी, हे एकच चित्र मी राजापुरात पाहिलंय आणि कॅस्ट्रीजमध्येही पाहिलंय. सेंट लुसियात धूर ओकणारे कारखाने जवळपास नाहीतच! म्हणजे मूल स्वतःच्या बेटाचं चित्र काढत नाही, मोठ्यांना काय हवंय ते काढतं. बक्षीस मिळतं, पोस्टर भिंतीवर चढतं आणि विषय संपतो.

गंमत म्हणजे मुलांना हाताशी धरून निसर्ग वाचवायचा कसा, याचा धडा जगाला ज्या देशांनी दिला त्यात हे बेट फार वर आहे. तुम्ही तिथेच राहताय, तेव्हा तुमच्या शाळेतल्या मुलांच्या आजी-आजोबांची ही गोष्ट आधी ऐका.

जाको नावाचा पोपट तुम्ही एव्हाना चित्रात पाहिला असेलच. देशाच्या राजचिन्हावर दोन्ही बाजूंना तोच उभा आहे. अंग हिरवं, तोंडाचा भाग निळा, छातीवर लाल ठसा. सेंट लुसियाबाहेर जगात कुठेही तो रानात सापडत नाही. सत्तरच्या दशकात तो शंभर-दीडशेच्या आसपास उरला होता. लोक त्याला मारून खायचे, पिल्लं पकडून विकायचे, आणि ज्या जुन्या झाडांच्या ढोलीत तो घर करतो ती झाडं तुटत होती. त्यातलं एक मोठं झाड म्हणजे गॉमिये. त्याच्या खोडातून तिथले कोळी होड्या कोरत. एका झाडावर पोपटाचाही हक्क आणि कोळ्याचाही, असा हा पेच होता.

1977 च्या सुमारास पॉल बटलर नावाचा एक इंग्रज विद्यार्थी पोपटाचा अभ्यास करायला बेटावर आला. तिथले मुख्य वनाधिकारी गॅब्रिएल चार्ल्स यांनी त्याला पुढे वनखात्यातच कामाला घेतलं. खात्याकडे पैसे नव्हते आणि माणसंही मोजकीच होती. कायदा होता तो जुना, दंड अगदी किरकोळ. मग यांनी काय केलं? 'पोपट मारू नका' असं सांगत फिरले नाहीत. 'हा फक्त आपला आहे' हे सांगत फिरले. शाळाशाळांत गेले. पोपटाचा मोठा पोशाख शिवला आणि त्यात माणूस शिरून वर्गात नाचायला लागला. बाहुल्यांचे खेळ झाले, टी-शर्ट आले, गाड्यांवर स्टिकर आले, कॅलिप्सोची गाणी झाली, चर्चमध्ये प्रवचनात पोपट आला. वनखातं मुलांसाठी छोटं पत्रक काढू लागलं. मुलं ते घरी नेत आणि घरात वाचून दाखवत. 22 फेब्रुवारी 1979 ला देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी जाको राष्ट्रीय पक्षी ठरला. 1980 मध्ये वन्यजीव संरक्षणाचा नवा कायदा आला, त्यात दंड जबर होता आणि तुरुंगवासही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अॅलन चक्रीवादळाने रानाची धूळधाण केली, तरी पोपट टिकला. पुढच्या तीन दशकांत त्याची संख्या हजाराच्या वर गेली. बटलरची ही पद्धत पुढे निसर्गसंवर्धनाचं काम करणाऱ्या रेअर या संस्थेने पन्नासहून अधिक देशांत नेली.

ही गोष्ट सांगणारे सगळे त्या पोशाखापाशी थांबतात. फोटो चांगला येतो ना! माझ्या मते खरी मेख दुसरीकडे आहे. ज्या आठवड्यात मूल घरी जाऊन 'जाको आपला आहे' म्हणत होतं, त्याच महिन्यात वनरक्षक रानात गस्त घालत होता आणि राजधानीत कायद्याचा मसुदा लिहिला जात होता. मुलाच्या बोलण्याला मागे आधार होता. नुसत्या मुलांच्या जिवावर तो पोपट वाचलेला नाही. आपण मात्र कायद्याचं, गस्तीचं, पालिकेचं सगळं काम सोडून देतो आणि 'उद्याचे नागरिक' म्हणून मुलांच्या गळ्यात फलक अडकवतो.

दुसरी मेख अशी की त्यांनी एकच गोष्ट धरली. 'पर्यावरण' धरलं नाही, पोपट धरला. आठ वर्षांच्या मुलाला पर्यावरण दिसत नाही, पोपट दिसतो. आपल्याकडे हे अजून जमलेलं नाही. रत्नागिरीतल्या कुठल्याही सातवीच्या वर्गात महाराष्ट्राचा राज्यपक्षी विचारा. मोर म्हणतील. हरियाल सांगणारं एखादंच पोर निघतं, आणि त्यानेही तो सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात वाचलेला असतो, मागच्या वडावर बसलेला पाहिलेला नसतो.

आता माझी फजिती सांगतो, कारण तुमच्या बेतात किनारा सफाई आहे.

तिथे गेलो त्या पहिल्याच वर्षी मी ती केली. चाळीस मुलं, हातमोजे, एका हॉटेलने दिलेले टी-शर्ट, बॅनर. दोन तासांत सत्तर-ऐंशी पिशव्या भरल्या. मुलांना सरबत दिलं, तेही प्लास्टिकच्या पेल्यात. ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, एका मुलीने आणून दाखवलं. पिशव्या रस्त्याकडेला रचल्या. गाडी दुसऱ्या दिवशी येणार होती ती चौथ्या दिवशी आली. तोवर कुत्र्यांनी पिशव्या फाडल्या होत्या आणि पावसाने अर्धा कचरा गटारातून परत समुद्रात नेला होता.

पण मला लागलं ते वेगळंच. सफाई करताना वाळूत अर्धा पुरलेला मासे पकडायचा तारेचा सापळा सापडला. दोन-तीन मुलांनी एका मुलाकडे बोट दाखवून म्हटलं, 'तुझ्या डॅडीचा.' तो मुलगा कोळ्याचा होता. सगळे हसले, मीही कसनुसा हसलो. पुढच्या शनिवारी तो आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. समुद्राबद्दल त्या चाळीस जणांत सगळ्यात जास्त ज्याला कळत होतं तोच आम्ही घालवला. तेव्हापासून एक नियम पाळतो: ज्या कामात एखाद्या मुलाला स्वतःच्या घराची लाज वाटेल ते काम हाती घ्यायचं नाही. मुलांना घरातले हवालदार करू नका. 'आईने प्लास्टिक वापरलं तर तिला टोका' असं सांगणारे उपक्रम मला मुळीच पटत नाहीत. आई दिवसभर हॉटेलात चादरी बदलून येते, तिला सात वर्षांच्या पोराने टोकायचं? थर्माकोलचे डबे बंद करायचे तर ते बेटावर येण्याच्या जागी, बंदरावर बंद व्हायला हवेत. सेंट लुसियाने 2019 मध्ये तसा कायदा केलाही. महाराष्ट्रात 2018 ची प्लास्टिकबंदी आली तेव्हा आपण काय केलं? भाजीवालीला दंड. आठवत असेल तुम्हाला.

मग मुलांनी करायचं काय?

त्यांना एक ओढा द्या. खरंच सांगतोय. शाळेजवळून एखादी छोटी नदी किंवा नाला समुद्राला जात असेलच, त्या बेटावर पाच मैल चाललात की एक लागतो. तो त्या वर्गाचा ओढा.

मी केलं ते असं. काचेसारख्या पारदर्शक, एकाच मापाच्या एक लिटरच्या बाटल्या घेतल्या. एक जागा वर, रान जिथे सुरू होतं तिथे. दुसरी केळीच्या बागांच्या खाली. तिसरी ओढा समुद्राला मिळतो त्याच्या थोडी अलीकडे. मोठा पाऊस होऊन गेला की दुसऱ्या दिवशी सकाळी, पाणी उतरल्यावर, मोठ्या माणसाने पाणी भरायचं आणि मुलांनी चिठ्ठी चिकटवायची: जागा, तारीख, वेळ. पाऊस चालू असताना ओढ्याजवळ पाऊल टाकायचं नाही, तिथले ओढे आपल्या सह्याद्रीतल्यासारखेच क्षणात फुगतात. बाटल्या वर्गाच्या खिडकीत ओळीने ठेवायच्या आणि हलवायच्या नाहीत. पहिल्या दिवशी तिन्ही चहासारख्या दिसतात. दुसऱ्या दिवशी रानाची बाटली निवळते. शुक्रवारपर्यंत तिन्हींच्या तळाशी गाळ बसतो आणि मग मुलं पट्टी लावून मोजतात. आमच्या खिडकीत पहिल्यांदा आकडे आले ते असे: रानाखाली एक मिलिमीटर, केळीखाली पाच, मुखाशी चार. मुलांनी फळ्यावर लिहिले. मी काहीही समजावलं नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, मधल्या बाटलीजवळ गेली, बोट लावून म्हणाली, 'ही आमच्या ग्रँडपाची माती आहे.' आवाजात लाज नव्हती. हरवलेली वस्तू सापडली की येतो तसा आवाज होता.

दोन आठवड्यांनी तिचे आजोबा शाळेत आले, नातीने त्यांना ओढतच आणलं होतं. म्हाताऱ्याने बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली. म्हणाले, माझ्या लहानपणी बांधाला गवत असायचं, केळीचे पैसे यायला लागले तेव्हा आम्ही ते काढलं. तिकडे केळ्याला 'हिरवं सोनं' म्हणत. उतारावर शेवटच्या फुटापर्यंत केळी लावली जायची. मग नव्वदच्या दशकात निर्यात कोसळली. बागा गेल्या आणि उतार उघडे राहिले. कुठलं गवत, म्हणून मी विचारलं. त्यांनी पुढच्या वेळी एक ठोंब उपटून आणला. मुळं नाकाला लावली आणि मी हसायलाच लागलो. वाळा! माझ्या आजीच्या माठातला वाळा. कॅरिबियनमध्ये त्याला 'खस-खस' म्हणतात, म्हणजे आपला खस, नावासकट आपल्याकडचा. त्याच्या मुळांच्या टोपल्या आणि पंखे विकायला असतात, तुम्ही बाजारात पाहिले असतील. 1859 पासून आपल्या देशातले गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, त्या बेटावर ऊसमळ्यांसाठी नेले गेले, पण वाळा त्यांच्याबरोबर आला की आधीच पोचला होता ते बाजूला ठेवू. मुद्दा हा की वाळ्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात. त्या आजोबांनी आणि मुलांनी मिळून बांधावर एक ओळ लावली.

पुढच्या वर्षी बाटलीतला गाळ कमी झाला का? पाचाचे चार झाले. पण त्या वर्षी पाऊसही कमी होता, तेव्हा मी त्याचा डंका पिटणार नाही. मुलांनाही मी हेच सांगितलं. एकाने वहीत लिहिलं, 'अजून दोन वर्षं मोजावं लागेल.' कुठल्याही घोषवाक्यापेक्षा हे वाक्य मला मोलाचं वाटतं.

गाळाचा विषय त्या बेटावर पोटाशी कसा जोडलेला आहे ते मुलांना घरातच कळतं. 2010 च्या सुरुवातीला तिथे कडक दुष्काळ होता. त्याच वर्षी 30 ऑक्टोबरला टोमास चक्रीवादळ आलं. डोंगर सुटले, माणसं गेली, आणि उत्तरेकडच्या भागाला पाणी देणाऱ्या जॉन कॉम्प्टन धरणात प्रचंड गाळ येऊन बसला. आजही मोठा पाऊस झाला की नळ बंद होतात. एवढ्या पावसात नळाला पाणी का नाही, हे कोडं तुमच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाने अनुभवलेलं असणार. त्याचं उत्तर खिडकीतल्या मधल्या बाटलीत आहे. आणि रान राहिलं तर पाणी राहील हे कळलं की जाकोही परत गोष्टीत येतो, कारण तो त्याच रानात राहतो.

वादळांचा विषय निघाला म्हणून एक सावधगिरी. 2024 च्या जुलैत बेरिल चक्रीवादळ बेटाच्या दक्षिणेकडून गेलं. मुलांनी ती रात्र छपराचा आवाज ऐकत काढलेली आहे. त्यांच्यापुढे तापमानवाढीचे भयंकर आलेख लावू नका. दहा वर्षांखालच्या मुलाला जगबुडीची भीती घालून काही साधत नाही, ते फक्त झोपेत दचकतं. त्या वयात चिखल, खेकडे, पोपट पुरे.

समुद्राकडे वळायचं तर एकदा वर्गाला दक्षिणेत सूफ्रिएला न्या. तिथले पितों नावाचे दोन डोंगर, ग्रो आणि पेती, मुलांनी झेंड्यावर रोज पाहिलेत. 2004 पासून तो परिसर जागतिक वारसा आहे. पण तुम्ही डोंगराकडे पाठ करून बंदरावर बसा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे कोळी, पाणबुडे, नौकावाले आणि हॉटेलवाले यांची जुंपली होती. शेवटी सगळ्यांना एकत्र बसवून किनाऱ्याचे पट्टे पाडले: इथे मासेमारी, इथे नांगर टाकायचा, इथे काहीच पकडायचं नाही. 1995 मध्ये ही सागरी व्यवस्था अधिकृत सुरू झाली. पाच वर्षांत राखीव पट्ट्यांच्या शेजारी सापळे लावणाऱ्या कोळ्यांची पकड 46 ते 90 टक्क्यांनी वाढली. सापळा मोठा की लहान यावर आकडा बदलतो. हे 2001 मध्ये छापून आलं आणि जगभर गाजलं. सुरुवातीची वर्षं कोळ्यांना जड गेली, हेही मुलांना सांगा.

पण सांगायचं तुम्ही नाही. सांगायला कोळी बोलवा, आणि मानधन द्या. माझ्या त्या हातातून निसटलेल्या मुलाचे वडील मी वर्षभराने शाळेत बोलावले, वक्ता म्हणून. त्यांनी सापळा आणला होता. जाळीची भोकं मोठी का हवीत, सापळा समुद्रात तुटून राहिला तर त्यात मासे कसे अडकून मरत राहतात, हे त्यांनी हाताने दाखवलं. पोपटमासा प्रवाळ चावतो आणि त्याची विष्ठा म्हणजे आपली पांढरी वाळू, असं ते म्हणाले तेव्हा वर्ग पाच मिनिटं शांत होईना. मुलगा पहिल्या बाकावर होता. बोलला काही नाही, पण सापळा परत गाडीत ठेवायला वडिलांबरोबर तोच गेला.

कासवांबद्दल तुम्ही विचाराल, कारण आपल्या लोकांना कोकणातलं वेळास माहीत असतं. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने वेळासला काम सुरू केलं. ऑलिव्ह रिडलेची घरटी राखली आणि पुढे कासव महोत्सव झाला. लोक पिल्लं पाहायला येऊ लागले, गावातल्या घरांत उतरू लागले. तिथली मुलं कासवांची बाजू घेतात कारण आईच्या हातची सोलकढी प्यायला पुण्याहून माणसं येतात. त्यात काही कमीपणा नाही, उलट म्हणूनच ते टिकलं. सेंट लुसियात पूर्व किनाऱ्यावर ग्रांद आन्सला चामडी पाठीचं कासव येतं, लेदरबॅक. आपलं रिडले चाळीस-पंचेचाळीस किलोचं, हे तीनशे-चारशे किलोचं धूड. मार्च ते ऑगस्टमध्ये मादी रात्री वर येते. दहा वर्षांवरच्या मुलांना, पालकांसकट, तिथल्या अनुभवी लोकांबरोबर एकदा न्या. विजेऱ्या बंद, फ्लॅश बंद, पुढून जायचं नाही. दिसेलच असं नाही. आम्ही दोनदा पहाटेपर्यंत बसून डास खाऊन परतलो. तिसऱ्यांदा आली, आणि ती खड्डा खणताना उडवत होती ती वाळू आमच्या गुडघ्यांवर पडत होती. चोवीस मुलांपैकी एकानेही आवाज काढला नाही. परतताना सगळे झोपले, मला मात्र झोप आली नाही.

सुरक्षेचं थोडं, कारण हे पुस्तकात वाचून गेलेल्यांना ठाऊक नसतं. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, बऱ्याच ठिकाणी खोडावर लाल पट्टा रंगवलेला असतो. फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं आणि वास गोड. खाल्लं तर घसा भाजतो. चीक अंगाला लागला तर फोड येतात. पावसात त्याखाली उभं राहिलं तरी तेच. पहिल्या दिवशी मुलांना ते झाड दाखवा. खरं तर तीच तुम्हाला दाखवतील. बेटाच्या काही भागांत फेर-द-लान्स जातीचा विषारी साप आहे, तेव्हा रानात बूट आणि स्थानिक वाटाड्या लागतोच. 2011 पासून कॅरिबियनमध्ये सर्गासम शेवाळाचे ढीग किनाऱ्याला लागतात. ते कुजलं की सडक्या अंड्यासारखा वायू सुटतो. मुलांच्या हाती फावडी देऊन ते काढायला लावू नका, कुणी कितीही फोटोचा आग्रह धरला तरी.

भाषेकडे लक्ष द्या. शाळा इंग्रजीत चालते, पण आजी घरात क्वेयोल बोलते, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली. आपल्याकडे मालवणी बोलणाऱ्या पोराचं शाळेत जे होतं तेच तिथे होतं: झाडाचं घरातलं नाव त्याला येतं, पण परीक्षेत ते चालत नाही. ओढ्याकाठच्या झाडांची नावं आजीकडून क्वेयोलमध्ये विचारून आणायला सांगा. आमच्या वर्गाने महिन्याभरात पस्तीस नावं आणली. त्यातली काही वनखात्याच्या तरुण कर्मचाऱ्यालाही नवी होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी क्वेयोल दिवस असतो, मुलं नटूनथटून येतात. तो ओढ्याच्या नावांचा तक्ता लावायचा उत्तम दिवस. पाच जूनपेक्षा कितीतरी बरा, कारण तो त्यांचा सण आहे.

किनारा सफाई करायचीच असेल तर मोजण्यासाठी करा. वीस मीटरचा एकच पट्टा, दर महिन्याला तोच. बाटल्या किती, झाकणं किती, दोर किती, हे वहीत उतरवा. कचरा उचलायच्या गाडीची वेळ आधी लेखी घ्या, हे मी फार महागात शिकलोय. शाळेचा आठवडाभराचा कचरा वजनकाट्यावर टाका आणि मग एकदा मुलांना देग्लोच्या कचरा डेपोवर न्या. सहाशे चौरस किलोमीटरच्या बेटावर 'बाहेर फेकणं' म्हणजे नेमकं कुठे, ते तिथे उभं राहिलं की कळतं. यापलीकडे कचऱ्यावर मुलांचा वेळ घालवू नका, तो मोठ्यांचा विषय आहे.

हॉटेलवाले पैसे देऊ करतील. घ्या, पण बाटल्या, पट्ट्या, बसभाडं आणि वाटाड्याचं मानधन यासाठी घ्या. टी-शर्टसाठी नको.

आणि बाटल्यांचे आकडे वर्गातच ठेवू नका. वर्षातून एकदा मुलांनी ते वनखात्याच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या माणसाला शाळेत बोलावून वाचून दाखवावेत, आणि त्या माणसाला एकच प्रश्न विचारावा: 'तुम्ही याचं काय करणार?' आमच्याकडे आलेले साहेब या प्रश्नावर चांगलेच घामाघूम झाले. पण तीन महिन्यांनी ओढ्याच्या वरच्या अंगाला झाडं लावायला खात्याची रोपं आली. चारशे म्हणाले होते, एकशे साठ आली. मुलांनी तीही मोजली आणि उरलेल्यांसाठी पत्र लिहिलं.

आता वेळापत्रक. शाळा सप्टेंबरला सुरू होते आणि तेव्हा पावसाळा भरात असतो, म्हणजे बाटल्यांसाठी सप्टेंबर ते नोव्हेंबर. मधे ऑक्टोबरात नावांचा तक्ता. जानेवारीपासून कोरडं असतं, तेव्हा रानात जाऊन जाको पाहायचा. पहाटे जा, तो आधी ऐकू येतो, मग दिसतो. मार्चनंतर कासव. पहिल्या वर्षी यातलं फक्त बाटल्यांचं करा. आणि पहिल्या दिवशी वर्गात जाण्याआधी शाळेच्या शिपायाला गाठा, त्याला घेऊन ओढ्याच्या उगमापर्यंत चालत जा. माझ्या शाळेतला शिपाई तरुणपणी पोपटाची पिल्लं काढायला झाडावर चढायचा. ढोली कुठे आहेत ते त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.